रविवारी मोजलेला रस्ता

आमच्या मनीषनगरातली मान्यवर मंडळी चालायला कारने जातात. सकाळी साडेपाचला गेट उघडतं, गाडी बाहेर निघते, दोन गल्ल्या ओलांडून बगीच्यापाशी थांबते आणि तिच्यातून पांढरे बूट घातलेले गृहस्थ उतरून आत सात फेऱ्या मारतात. फेऱ्या झाल्या की आपण किती चाललो ते मनगटावरच्या घड्याळाला विचारतात. घड्याळ खूश असलं तर तेही खूश. मग गाडीत बसून दोन गल्ल्या परत. गाडी तोवर फुटपाथवर चढवून ठेवलेली असते, कारण रस्त्यावर ठेवली तर कुणी घासून जाईल अशी त्यांना धास्ती वाटते. त्या गाडीमुळे फुटपाथवरून खाली उतरलेल्या माणसाला कुणी घासून गेलं, तर त्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही.

अशा मंडळींच्या हाती आमच्या वस्तीतून पायी आणि सायकलने सुरक्षित जाण्याचा मार्ग आखायचं काम आलं. वरून कुठलीतरी योजना आली होती. वस्तीने आपला मार्ग आपणच सुचवायचा, रस्ता ओलांडायला पट्टे कुठे हवेत, गतिरोधक कुठे, सायकलची पट्टी कुठून, ते नकाशावर दाखवून द्यायचं, आणि तेवढं करून मिळणार. कल्पना चांगलीच होती. चांगली कल्पना आमच्याकडे आली की आधी तिची समिती होते.

समितीचे अध्यक्ष निवृत्त अभियंते. त्यांची हयात कालवे आखण्यात गेली, त्यामुळे माणसंही पाण्यासारखी आपण खणून दिलेल्या वाटेने जातील असा त्यांचा पक्का समज. दुसरे एक दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे अतिशय महागडी सायकल आहे. ती ते कारच्या मागे अडकवून वर्धा रोडला नेतात, तिथे चालवतात आणि पुन्हा अडकवून घरी आणतात. वस्तीत त्या सायकलचं चाक जमिनीला टेकलेलं मी तरी पाहिलं नाही. तिसरे गांधीबागेच्या बाजारातले कापडाचे ठोक व्यापारी. चौथी मी, कारण यादीत एक महिला लागत होती आणि मी शाळेत गणित शिकवते.

मी मात्र समितीत स्वार्थासाठी गेले होते, हे सांगून टाकते. दिवाळीच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. समोरच्या फळ्यावरचं अक्षर मला स्वच्छ दिसतं. बाजूने येणारं काही दिसत नाही. गाडी, माणूस, दाराची चौकट, सगळं एकदम समोरच उगवतं. "स्कूटर आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. निवृत्तीला माझी तीन वर्षं होती, आणि ती तीन वर्षं मला शिकवायचं होतं. घर आणि शाळा यांच्यामध्ये सगळा मिळून अर्ध्या तासाचा पायी रस्ता. त्यातला एकच तुकडा मला जमण्यासारखा नव्हता, तो म्हणजे पुलावरून सुसाट उतरणाऱ्या गाड्यांचा मोठा रस्ता ओलांडणं. तिथे ना पट्टे, ना गतिरोधक. मला समितीकडून तेवढंच हवं होतं.

पण डोळ्यांचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत कळलं असतं तर वरचे वर्ग काढून घेऊन मला ग्रंथालयात बसवलं असतं. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. त्यांची ड्युटी खापरखेड्याच्या वीज केंद्रात. तेव्हा त्यांना दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी ते मला मोटरसायकलवर शाळेत सोडायचे आणि रोज उतरवताना एकच म्हणायचे, "सोडून दे वं नोकरी. काहून जिवाले त्रास करून घेऊन राहिली?" बाकी सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की वजन कमी करायचं म्हणून स्कूटर विकली. अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत या निश्चयाबद्दल माझं जाहीर कौतुक केलं. मी ते घेतलंही.

पहिल्या दोन बैठका सायकलची पट्टी हिरवी असावी की लाल यात गेल्या. दातांच्या डॉक्टरांना हिरवी हवी होती, कारण फोटोत ती चांगली येते. तिसऱ्या बैठकीत कापडवाल्यांनी मूलभूत प्रश्न उपस्थित केला. "मार्ग जिथून सुरू होते तिथं पार्किंग पायजे. नाई तं लोक चालायले येतीन कसे?" कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

शेवटी मी तोंड उघडलं. म्हटलं, मोठ्या रस्त्यावर ओलांडायला पट्टे हवेत.

"काहून मॅडम?" अध्यक्षांनी विचारलं. "तिथं कोण चालते?"

"माणसं चालतात."

"कोणती माणसं?"

मी, असं म्हणायचं होतं. एवढंच म्हटलं असतं तर काम झालं असतं, कारण आमच्या अध्यक्षांचं तत्त्व असं की ओळखीच्या माणसाची अडचण ही अडचण आणि बाकीच्यांची ती तक्रार. पण चार माणसांसमोर मला दिसत नाही असं म्हणायला माझी जीभ उचलेना. "सर्वसाधारण माणसं," मी म्हणाले. वर्गात एखाद्या मुलीने असं उत्तर दिलं असतं तर मी तिला उभं ठेवलं असतं.

"मोजणीत येईनच ते," अध्यक्ष म्हणाले आणि विषय मिटला.

योजनेच्या कागदांत मोजणीचा तक्ता होता. कुठे किती लोक चालतात, किती सायकलने जातात, ते प्रत्यक्ष उभं राहून मोजायचं, आणि जिथे माणसं जास्त तिथे कामं आधी. वार कोणता धरायचा यावर चर्चा झाली ती पाच मिनिटं. डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद, कापडवाल्यांचं दुकान रविवारी बंद. अध्यक्षांनी वर तांत्रिक कारण जोडलं. "रविवारी ट्रॅफिक कमी राहते. मोजायले उभं राहाले सेफ पडते." रस्ता धोक्याचा आहे म्हणून त्याची मोजणी धोका नसेल तेव्हा करायची, या अभियांत्रिकीला मी मान डोलावली. मला वाटलं, कधी का मोजेनात, माणसं ती माणसंच.

जानेवारीतली कडाक्याची थंडी. सकाळी साडेसहाला आम्ही मोठ्या रस्त्यावर पोहोचलो. मंडळी दोन गाड्यांतून आली होती. गाडीतून प्लास्टिकच्या खुर्च्या निघाल्या, थर्मास निघाला. पायी चालणाऱ्यांची मोजणी आम्ही खुर्च्यांवर बसून, मफलर गुंडाळून, चहा पीत केली. तक्ता माझ्या मांडीवर. "गणित तुमचं, मॅडम," असं म्हणून कापडवाल्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि मीही मास्तरणीच्या तोऱ्यात ते घेतलं.

तासाभरात कोणी आलं नाही. पुलावरून दोन ट्रक उतरले, एक कुत्रं मजेत रस्ता ओलांडून गेलं. मग एक मनुष्य सायकलवरून आला, कॅरिअरला वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मी सायकलच्या रकान्यात रेघ मारायला गेले तर डॉक्टर म्हणाले, "त्याला नका धरू. तो सायकलिस्ट नाही, तो पेपरवाला आहे."

आणि मी नाही धरलं. हे लिहिताना माझे कान गरम होतात. एकवीस वर्षं मी मुलांना सांगत आले की मोजताना आवडनिवड चालत नाही, आणि त्या दिवशी चाक फिरताना दिसत असून मी हात आवरला, कारण त्या शिकलेल्या माणसांत मला शहाणं दिसायचं होतं. पादचारी शून्य. सायकल शून्य. शून्य मी फार गोल आणि सुबक काढते.

तिथून आम्ही बगीच्याच्या फाटकाशी गेलो. तिथे तर जत्रा. गाड्यांतून उतरणारे, गाड्यांत बसणारे, गाडीतली पाण्याची बाटली घ्यायला पुन्हा बाहेर येणारे. बाटलीवाले दोनदा मोजले गेले. गणित शिकवणारी मी, ते चूक आहे असं बोललेही, पण अध्यक्ष म्हणाले, "दोनदा चालले नं? मंग दोनदा." तक्ता भरून वाहू लागला. सगळ्यांचे चेहरे फुलले. मग तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी खाली सही केली. तर्री झणझणीत होती एवढंच त्या सकाळबद्दल चांगलं सांगता येईल.

पुढचं सगळं आमच्या वस्तीच्या मानाने झपाट्याने झालं. रस्ता ओलांडायचे पट्टे बगीच्याच्या फाटकासमोर आले, जिथे ओलांडून जाण्यासारखं पलीकडे फक्त पार्किंग होतं. हिरवी सायकलपट्टी बगीच्याभोवती गोल फिरली आणि निघाली तिथेच येऊन मिळाली. तिच्यावरून कुठेही जाता येत नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण यांच्यापैकी कुणालाच सायकलने कुठे जायचं नव्हतं. फीत कापली गेली. डॉक्टरांनी सायकल कारवरून उतरवली, फोटो काढला, पुन्हा चढवली. आठ दिवसांत त्या हिरव्या पट्टीवर गाड्या लागल्या. हिरव्यावर पांढऱ्या गाड्या छान उठून दिसतात.

मार्चमध्ये नवऱ्याला पहिली पाळी लागली. ते पहाटेच्या बसने जायला लागले आणि सव्वादहाला मी एकटी मोठ्या रस्त्याच्या काठावर उभी राहिले. डावीकडे पाहायला पूर्ण मान वळवायची, तोवर उजवीकडचं नाहीसं. उजवीकडे वळायचं, तर डावीकडून हॉर्न अंगावर येतो पण गाडी दिसत नाही. दोनदा पाऊल टाकलं आणि दोनदा मागे घेतलं. मला रडू येत होतं, आणि त्या अवस्थेतही डोक्यात चाललं होतं की ओळखीचं कुणी बघत तर नाही ना.

थोड्या अंतरावर कडुलिंबाखाली तीन बायका उभ्या होत्या. हातात पिशव्या, डोक्यावर पदर. त्यांतली एक आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई. आमचं आटोपून, शेजारचं एक घर करून ती पलीकडच्या फ्लॅटांत कामाला जाते हे मला माहीत होतं. कशी जाते हे कधी मनात आलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही इथं कायले उभ्या?" तिने विचारलं.

"पलीकडे जायचंय."

"मंग या नं. तुमच्यानं चार होतात."

त्यांची ही रीतच होती. एकटीने ओलांडायचं नाही, दोघी-तिघींनीही नाही. चौघी झाल्या की एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, गाड्यांच्या बाजूला जी असेल तिने हात आडवा धरून निघायचं. त्यांतली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, तिघींले गाडीवाला कट मारते, चौघींले ब्रेक मारते. हे त्यांनी रोजच्या अनुभवाने काढलं होतं. चौथी कधी चटकन मिळायची, कधी वाट बघायला लागायची. मी स्वयंपाकवाल्या बाईचं कोपर धरलं आणि आम्ही निघालो. गाड्या कचकचत थांबल्या. दुसऱ्या काठावर पोहोचलो तरी मी तिचं कोपर सोडलं नव्हतं.

तिथेच तिला म्हटलं, मला बाजूचं दिसत नाही. नवऱ्याशिवाय पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "बाजूले ठेवलेला गिलास तुम्ही रोज लवंडून राहिल्या. म्हणून तं मी समोर ठेवते."

मग रोजचंच झालं. सव्वादहाला कडुलिंब, तिघी तिथे, चौथी मी. शाळेत मी वेळेवर पोहोचत होते, आणि तीन वर्षं अशीच निघतील असं मला वाटायला लागलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्यांना मोजणीची गोष्ट सांगितली. म्हटलं, आम्ही इथे सकाळी तासभर बसलो होतो, कामावर जाणारी एकही बाई कशी दिसली नाही?

"कोणता वार होता?" वयस्कर बाईने विचारलं.

"रविवार."

तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. "रविवारी आमची सुट्टी राहते, मॅडम," स्वयंपाकवाली म्हणाली. "तुम्हीच तं देता."

मीच तर देते. त्या रविवारी तर्री-पोहे खाऊन मी घरी आले होते आणि बाई नाही म्हणून स्वतः कुकर लावला होता. समितीतल्या तिघांना मी मूर्ख म्हणते ते खरंच आहे, पण त्यांच्या घरी रविवारी स्वयंपाक कोण करतं हे त्यांना बहुधा ठाऊकही नसेल. मला ठाऊक होतं. मला स्वतःची इतकी लाज फार दिवसांत वाटली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी अध्यक्षांकडे गेले. सगळं सांगितलं. डोळे, रस्ता, रविवार, पेपरवाला. सोमवारी सकाळी दहाला पुन्हा मोजणी करा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, उठून फाइल आणली, तक्ता काढला आणि माझ्यापुढे सरकवला. माझी दोन सुबक शून्यं, खाली माझी सही.

"आता हे बदलता येत नाई, मॅडम. पुढच्या टप्प्यात पाहू." पण माझ्या डोळ्यांचं ऐकून ते खरोखर हळहळले. ते दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. "तुम्ही आधी काहून नाई सांगितलं? आमची गाडी नातीले सोडायले त्याच बाजूनं जाते. उद्यापासून तुम्ही गाडीत बसायचं. पायी जायचं नाव काढायचं नाई!"

पायी चालण्याच्या मार्गाच्या समितीचा अध्यक्ष पायी चालण्याच्या अडचणीवर यापेक्षा वेगळा उपाय काढणारच नव्हता. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मार्च संपत आला होता, दहालाच ऊन चटके देत होतं, आणि मी हो म्हणाले.

गाडी छान होती. आत गारवा, मागे मऊ उशी. मला आवडली, हेही लिहायला हवं. पहिल्या दिवशी दहाला निघालो, मोठा रस्ता लागला तेव्हा ड्रायव्हरने लांबूनच हॉर्न दिला. कडुलिंब माझ्या न दिसणाऱ्या बाजूला होता आणि मी मान वळवली नाही. बाई सकाळी घरी येऊन गेली तेव्हा तिला काही सांगितलंही नव्हतं. सांगायचं सुचलंच नाही म्हणा, किंवा सांगायची लाज वाटली म्हणा. त्यानंतरचे तीन दिवस शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर काढायचे होते, म्हणून अध्यक्षांची गाडी आधी मागवून मी आणखी लवकर निघत गेले, आणि बाई यायच्या आधीच घर सोडत होते. किल्ली शेजारी.

पाचव्या दिवशी रविवार, सहाव्या दिवशी ती भेटली. कणीक मळत होती. परातीत थोडं पाणी शिंपडलं. मग म्हणाली, "तुम्ही आता गाडीनं जाता म्हणे."

"हो. अध्यक्षांची गाडी त्याच बाजूला जाते."

"बरं झालं. तुमच्या डोळ्यांले बरंच आहे." तिने कणकेचा गोळा उलटा केला. "पण सांगाचं होतं. पहिल्या दिवशी आम्हाले माहीत नव्हतं. तिघी उभ्या राहिलो. म्हटलं, मॅडम येतीन, रोज येतात. पावणेअकरा करून टाकले."

"इतका वेळ?"

"येतीन, येतीन करत. आमच्यातली म्हातारी काम करे त्या घरी साहेबाचा डबा राहते अकराचा. त्याले डबा नाई भेटला. मालकिणीनं दुसऱ्याच दिवशी दुसरी बाई लावली."

ती हे रागाने बोलत नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी ओट्याशी उभी होते. माझ्यासमोर, बरोबर मध्यभागी, तिने ठेवलेला पाण्याचा ग्लास होता आणि मला तो उचलवेना. फोन घेतला, अध्यक्षांना सांगितलं की आजपासून गाडी नको. ते का-का म्हणत असतानाच ठेवून दिला.

"आज मी तुझ्याबरोबर येते," मी बाईला म्हटलं. "उद्याही येईन. रोज येईन."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तिले आता पलीकडं काम नाई राहिलं," ती म्हणाली. "तुम्हाले धरून बी तीनच होतात, मॅडम."